आत्याच्या बावीचा इंग्रजी अर्ज

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरांना सांगायचे, शब्दकोश जवळ ठेवा, रोज एक नवा शब्द पाठ करा. पण एक शब्द मी कुणालाच शिकवला नाही. रिबोअंट. तो तुम्ही ऐकला नसेल, आणि त्यावाचून तुमचं काही अडलंही नसेल. माझं मात्र त्याच्यापायी जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं झाली. वय झालं की राग निवतो म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना राग कधी आलेलाच नसावा.

आधी अर्थ सांगते. रिबोअंट म्हणजे घुमणारा, पण नुसता घुमणारा नव्हे. आवाज कड्यावर आपटतो आणि तसाच गरजत उलटा येतो, त्या आवाजाला रिबोअंट म्हणायचं. मुळात लॅटिन, गर्जून उलट उत्तर देणं या अर्थाचा. रिकाम्या खोलीत कुणी खोकलं आणि खोली घुमली, तर त्याला कुणी रिबोअंट म्हणत नाही. त्याला मेघ लागतात, तोफा लागतात, गुहेत शिरणारी लाट लागते. कॉलेजच्या लायब्ररीत उंच मेजावर एक जाडजूड शब्दकोश उघडा ठेवलेला असे, त्यात मला तो सापडला. शब्दापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा बहुतेक कवितेत वापरतात. ते बारीक अक्षर मी वाचलं होतं, आणि खुशाल सोडून दिलं होतं.

तेव्हा ऐंशी साल उलटून एखाद-दोन वर्षं झाली असतील. आम्ही वसईला होळी नावाच्या वस्तीत राहायचो. केळी, पानवेली, थोडा भाजीपाला, घरची सगळी माणसं सकाळपासून वाडीत. त्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. विजेचं बिल असो नाहीतर बँकेची नोटीस, बाबा म्हणायचे, "हिला द्या, ही वाचेल." आणि मी नाकानं कांदे सोलत ते वाचून दाखवायचे. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

आणि आमच्या लोकांची एक ठाम समजूत होती. अर्ज करायचा तो इंग्रजीतच. मराठीतला अर्ज शिपाई वाचतो, इंग्रजीतला साहेब वाचतो, असं बाबा म्हणायचे. सरकार तिकडे कारभार मराठीत करा म्हणून कानीकपाळी ओरडत होतं, पण आमचा कुणाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ज्याला दोन ओळी इंग्रजी येते तो मास्तर, नाहीतर रेल्वेतला कारकून, गाठायचा, त्याला घडभर केळी द्यायची आणि अर्ज लिहून घ्यायचा. आत काय लिहिलंय हे ज्याचा अर्ज त्याला कळायचं नाही. तो नुसता अंगठा उठवायचा नाहीतर सही करायचा. जितकं कमी कळेल तितका अर्ज भारी, असा सगळा प्रकार होता.

माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, लग्न होऊन पूर्वेला गेली होती. वालीव ओलांडून पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिकडे राहून बोलणंही तिकडचंच झालं होतं तिचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली सासरी. पावसात भात आणि पुढे उन्हाळाभर दुधी, कारली, मोगऱ्याच्या दोन ओळी, एवढ्यावर तिचं चालायचं. आणि ते सगळं चालायचं एका बावीवर. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. सासऱ्यानं बांधलेली, दगडी, आत उतरायला पायऱ्या, पाणी गोड. आजूबाजूच्या चार घरांच्या बायका उन्हाळ्यात तिथेच यायच्या.

त्या माघात वालीवच्या एका कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसाबरोबर आत्याचा निरोप आला, पोरीला पाठवा, सरकारात अर्ज करायचा आहे. मी एसटीनं गेले, पुढे चालत. मागच्या डोंगरात वर्ष-दीड वर्षापूर्वी खदान सुरू झाली होती. कुणा ठेकेदारानं परवाना काढला होता आणि दिवसा सुरुंग उडत होते. आधी शिट्टी व्हायची, मग धप्प करून एक आवाज, आणि मग समोरच्या टेकाडावरून, मागच्या कड्यावरून तो परत परत यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले. आणि दुसऱ्या क्षणाला माझ्या डोक्यात काय आलं असेल? तोच शब्द आला. कुठे वापरू म्हणून मी महिनाभर तो जपून ठेवला होता. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला.

आत्यानं मला चहासुद्धा दिला नाही, सरळ बावीवर नेलं. पायऱ्यांवरून खाली उतरवलं. दगडांच्या सांध्यांतून माती सुटून खाली गळत होती, आणि एका अंगाला बोट जाईल एवढी भेग पडली होती. आतल्या भिंतीवर चुन्याच्या खुणा होत्या, एकाखाली एक. दर अमावास्येला आत्या आत उतरून जिथं पाणी असेल तिथं चुन्याचं बोट ओढायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाणी कमी होतंय असं सांगितल्यावर लोक तिला म्हणायचे, म्हाताऱ्यांना वाटतं तसं, म्हणून तिनं हे सुरू केलं होतं.

"हे गेल्या माघातलं," वरच्या एका बोटावर हात ठेवून ती म्हणाली. "आनि हे आत्ताचं." मधे सात पायऱ्या होत्या. "सुरुंग उडतो तवा खालचं पानी हलतं, मी बघितलंय. बाव फुटतेय गो. पानी कुठंतरी चाललंय. हे लिव."

"लिहिते," मी म्हटलं.

आणि वर येऊन अंगणात बसून मी आवाज मोजत बसले. दिवसभर. एक वही, एक पेन्सिल. संध्याकाळपर्यंत बारा रेघा झाल्या. आत्या दोनदा येऊन बघून गेली. आवाज नको मोजू, ती म्हणाली, पाणी बघ. मी म्हटलं, "आत्या, साहेबाला असं सांगावं लागतं, तुला नाही कळायचं."

तुला नाही कळायचं. विशी उलटलेली नव्हती माझी.

अर्ज दीड पानाचा झाला. त्यात डोंगर होता, शांत खेडं होतं, घाबरून उडालेली पाखरं होती, आणि रोज बारा वेळा होणारे रिबोअंट स्फोट होते. तो शब्द मी तीनदा वापरला. शेवटी एका ओळीत लिहिलं की यामुळे अर्जदाराच्या विहिरीलाही त्रास होतो. विहिरीला त्रास. एवढंच. चुन्याची बोटं नाहीत, सात पायऱ्या नाहीत, भेग नाही. अर्ज मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कुणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळे खूश झाले. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय फाडफाड वाचते." आत्यानं अंगठा उठवला. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल आत्याचा होता.

चैत्रात तहसील कचेरीतून साहेब पाहणीला आले. मी मुद्दाम कॉलेज बुडवून गेले होते. साहेबांबरोबर ठेकेदाराचा मुनशी होता, पांढरे कपडे, तोंडात पान, फार गोड बोलणारा. तिथल्या सगळ्या बायकांना तो ताई म्हणायचा. साहेबांनी माझा अर्ज काढला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"हा रिबोअंट म्हणजे काय? आमच्या कचेरीत कुणाला सांगता येईना. मी घरी मुलाच्या डिक्शनरीत बघितलं, त्यात नाही."

मला काय चढलं म्हणून सांगू. मी उभी राहून तिथे तास घेतला. आवाज निघतो, कड्यावर आपटतो, गरजत परत येतो, असं हात करून दाखवलं. लॅटिन मूळ सांगितलं. साहेब मान हलवत होते. मुनशी पान चघळायचा थांबला होता आणि अगदी लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे आपला पडसादच ना, ताई?"

"हो, पण मोठा," मी म्हटलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मुनशीनं खदानीकडे माणूस पिटाळला. शिट्टी झाली, एक सुरुंग उडाला. मला वाटतं मुद्दाम हलका भरला होता. धप्प, आणि मग टेकाडावरून एक, कड्यावरून दोन. मुनशी हसत बोटं मोजत होता. "साहेब, सुरुंग एक, आवाज चार. आमचा परवाना दिवसाला तीनचा आहे. आम्ही तीनच उडवतो. बाकीचे डोंगर उडवतो, त्याला परवाना कोण देणार?" साहेबही हसले. बारा रेघांतल्या नऊ रेघा डोंगराच्या होत्या, आणि ते मीच आत्ता समजावून सांगितलं होतं. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, तोही सरकारी माणसाच्या साक्षीनं.

आत्याला हे सगळं कळलं की नाही कोण जाणे. ती साहेबांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, बाव बघा. इथंच हाय. दोन पावलं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. ते काही वाईट बोलले नाहीत, तेच तर. अगदी समजुतीनं म्हणाले, "आजी, तक्रार आवाजाची आहे. विहिरीचा उल्लेख अर्जात एका ओळीत आहे. ते वेगळं प्रकरण होतं." आणि मुनशीच्या जीपमध्ये बसून गेले. हो, मुनशीच्याच जीपमध्ये. आलेही तिच्यातूनच होते. दोन पावलं चालले असते तर काय पाय झिजले असते?

वैशाखात उत्तर आलं. इंग्रजीत, कारण आमचा अर्ज इंग्रजीत. आत्या ते पाकीट पदरात गुंडाळून, एसटीनं, वसईला आमच्या घरी घेऊन आली. मी उघडलं. अर्जदार स्वतःच या आवाजांना रिबोअंट म्हणते, म्हणजे प्रतिध्वनी. प्रतिध्वनी हा निसर्गाचा प्रकार असून त्याला परवानाधारक जबाबदार नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. माझाच शब्द, स्पेलिंगसकट, माझ्या तोंडावर मारला होता.

"काय लिवलंय?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, "विचार करतोय म्हणतात."

हे मी का केलं याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. बाबा समोर बसले होते. आई ताटं घेत होती. "आमच्या पोरीचं इंग्रजी साहेबाला डिक्शनरीत शोधावं लागलं," असं बाबांनी निम्म्या होळीला सांगून झालं होतं. मला त्या सगळ्यांपुढे उघडं पडायचं नव्हतं. आत्या जेवली, आईनं दिलेली केळ्यांची फणी घेतली आणि समाधानानं गेली. मी ते पत्र माझ्या पुस्तकात ठेवलं. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. साहेबाला शिव्या घालायचे, मुनशीला घालायचे, ठेकेदाराला घालायचे. ते तिघेही त्या लायकीचे होते, त्यात शंका नाही. पण रात्रंदिवस ज्याच्यावर मी चिडत होते ते माणूस आरशात दिसायचं.

श्रावणात बावीची भेगेकडची भिंत आत कोसळली. पावसानं माती फुगली होती आणि खदान पावसातही थांबली नव्हती. चुन्याची बोटं त्याच भिंतीवर होती, ती सगळी दगडांबरोबर खाली गेली. पाऊस होता तोवर वर गढूळ पाणी दिसायचं. दिवाळी झाली आणि तेही उतरलं. मोगरा सुकला. त्या वर्षी आत्यानं दुधी लावलाच नाही.

मी गेले. पत्र घेऊन गेले. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, बारा रेघांपासून ते विचार करतोय म्हणतात इथपर्यंत. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गो पोरी, तू काय मुद्दाम केलंस. घरातली मोठी माणसं असंच म्हणतात ना. आत्या तशी नव्हती. ती तांदूळ निवडत होती, ते सूप तिनं बाजूला ठेवलं.

"मी तुला पान्याचं सांगितलं," ती म्हणाली. "तू आवाजाचं लिवलंस. का?"

मग मी खरं तेच सांगितलं. मला आवाजासाठी एक छान शब्द सापडला होता.

"आवाज काय, कानावर हात ठेवला तं जातो," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "मी तुला खाली नेलं. बोटं दाखवली. वर्सभर मी अमावशेला त्या पायऱ्या उतरले, घसरून एकदा कंबर मोडून घेतली. तुला ते कायच दिसलं नाय? आनि वर खोटं बोललीस. मला तवाच सांगितलं असतंस तं पावसाच्या आदी मी दुसऱ्या कोनाकडून लिवून घेतलं असतं."

मी रडले. तिनं मला रडू दिलं, गप्प हो म्हणाली नाही. मग ती आत गेली, जुनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "आता लिव. मी सांगते तसं. मराठीत."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. माझी बाव इतक्या हात खोल. सासऱ्यानं बांधली. इतकी वर्षं उन्हाळ्यात आटली नाही. खदान सुरू झाल्यापासून सात पायऱ्या पाणी उतरलं. श्रावणात भिंत पडली. आता पाणी नाही. खदान थांबवा आणि बाव बांधून द्या. एवढाच अर्ज, पाऊण पानसुद्धा नाही. मी एक शब्द घातला नाही की काढला नाही. मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा शेजारची म्हातारी मान डोलावत म्हणाली, "बरोबर हाय." कचेरीत मी स्वतः तो दिला आणि पोच घेतली. बाबांना पटलं नाही. मराठीतला अर्ज, शिपाई वाचेल, म्हणाले. मी त्यांच्यावर असं काही तडकले की ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण शिपायानं नाही, साहेबांनीच वाचला. पौषात तेच साहेब पुन्हा आले, आणि या वेळी बावीपर्यंत आले. काठावर उभे राहून वाकून बघितलं. आत पडलेले दगड, वाळकी पानं आणि चिखलाचा एक डाग. "पाणी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाय म्हनून तं अर्ज," आत्या म्हणाली.

पाणी कुठे गेलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खदानीत आता मोठा खड्डा झाला होता आणि तो भर पौषात तुडुंब होता, निळंशार पाणी. आत्यानं तिकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिकडे बघितलं, वहीत काहीतरी टिपलं आणि गेले.

महिन्याभरानं कागद आला. या वेळी मराठीत. मी आत्याकडेच होते. ओट्यावर बसून मी तो जसाच्या तसा वाचला. "पाहणीचे वेळी सदर विहिरीत पाणी आढळून आले नाही. सबब विहिरीतील पाणी कमी होत असल्याची तक्रार सिद्ध होत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

"परत वाच," आत्या म्हणाली. मी परत वाचलं. या खेपेला लपवायला काही नव्हतं आणि समजावून सांगायलाही काही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, मी वर लिहिते, ठाण्याला लिहिते, मंत्र्याला लिहिते, त्या मुनशीच्या तोंडावर हा कागद फेकून येते.

आत्या उठली. कोपऱ्यातले दोन हंडे आणि चुंबळ घेतली. बाव गेल्यापासून त्या चार घरांच्या बायका पाण्याला खदानीच्या खड्ड्यावर जात होत्या. मुनशी भरू द्यायचा. बाराच्या शिट्टीच्या आत भरून परत यावं लागायचं, कारण मग सुरुंग उडायचा. मी चपला घालून तिच्या मागे निघाले, तशी ती वळली.

"तू बस," ती म्हणाली. "तिथं मुनशी असतो. तू कायतरी बोलशील, आनि उद्यापासून तो आम्हाला पानी भरू देनार नाय."

मी चपला काढल्या आणि ओट्यावर बसले.